शॉवरखालची गळती कशी थांबली: माझा अनुभव

मुलुंडचा फ्लॅट. शॉवर वापरला की खालच्या काकूंच्या छताला ओल. न वापरल्यास सुकायची, म्हणजे दाबाची लाइन (नळांना पाणी आणणारा, कायम भरलेला पाइप) ठीक होती.

सांध्यांत पांढरं सिमेंट, सिलिकॉन, टाइल्सवर पारदर्शक केमिकल, काहीच टिकलं नाही. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी फरशी स्लॅबपर्यंत फोडली. पाणी नहाणी ट्रॅपभोवतीच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाभोवतीच्या) पोकळीतून उतरत होतं. ती आधी नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या मसाल्याने) भरली. मग ट्रॅपकडे मीटरला दीड सेंटिमीटर उतार आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई. ती पक्की झाल्यावर सिमेंट-पॉलिमरच्या वॉटरप्रूफ लेपाचा पहिला हात. कोपऱ्यांत नि ट्रॅपभोवती फायबर जाळी ओल्यातच दाबली. सुकल्यावर दुसरा हात पहिल्याला आडवा. शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंत. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू दिलं.

मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवलं. मिस्त्री 'एक रात्र पुरे' म्हणतील, ऐकू नका. खालचं छत कोरडं दिसल्यावरच अ‍ॅडेसिव्हने टाइल्स, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. पाणी अडवतो तो खालचा थर, टाइल नव्हे. म्हणून नंतर त्या भिंतीत ड्रिल नको, साबणदाणी चिकटवा.