संरक्षण खरेदीतल्या उधळपट्टीवर माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा

पानठेल्यावर "आपल्या कापसाला भाव नाही अन् तिकडे तोफांवर कोटी उडवून राहिले" म्हणणं फुकट आहे. २०२५-२६ला संरक्षणाला ६.८१ लाख कोटी मिळाले. त्यातला कोणता पैसा वाया गेला, ते कागदावर मागा.

१० रुपयांची पोस्टल ऑर्डर, 'अकाउंट्स ऑफिसर'च्या नावाने. कोर्ट फी स्टॅम्प लावू नका. केंद्राला तो चालत नाही. अर्ज मराठीत चालतो.

आता खरी मेख: प्रश्न. माझ्या पहिल्या अर्जात होतं, "सैन्याची खरेदी इतकी महाग का? जबाबदार कोण?" दोन ओळींत नकार आला, आणि बरोबरच आला. या कायद्यात कारण मागता येत नाही, दप्तरातला कागद मागता येतो. मग चिडून "दहा वर्षांच्या सगळ्या खरेदीची माहिती द्या" लिहिलं. कलम ८, देशाची सुरक्षा, विषय संपला. मोबाईलवर फिरणारे तयार नमुने असेच असतात. फाडून टाका.

तिसऱ्यांदा आधी कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल उघडला. फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेत आलेल्या अहवालात सियाचीनच्या जवानांचे बूट, चष्मे, कपडे यांची खरेदी किती रखडली ते आहे. नवे बूट आले नाहीत म्हणून जुनेच पुन्हा वापरावे लागले. जे संसदेत छापून आलं, ते गुपित कसं म्हणणार? म्हणून अहवाल क्रमांक, परिच्छेद क्रमांक लिहा आणि तीनच गोष्टी मागा: ऑर्डरची तारीख, माल मिळाल्याची तारीख, दिलेली रक्कम. "का" हा शब्द अर्जात दिसला की खोडा. शेवटी एक ओळ टाकाच: काही भाग गोपनीय असल्यास कलम १०नुसार उरलेला द्यावा.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या वाटेला जाऊ नका, भाऊ. कलम २४ने त्यांना सूट आहे. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्क मोडल्याचा आरोप असेल तरच दार उघडतं. पण भंडारा, चांदा इथल्या आयुध निर्माण्या १ ऑक्टोबर २०२१पासून सरकारी कंपन्यांकडे आहेत. त्यांना माहिती अधिकार लागू आहे, अर्ज थेट त्या कंपनीला करा.

स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा गोलमाल आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी नाही. उत्तराचा लिफाफा मात्र फेकू नका. अपिलाची मुदत पत्रावरच्या तारखेपासून नाही, ते हातात पडल्यापासून धरतात, आणि आमच्या गावी डाक आठवडाभर मागे असते.