अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धेत उतरणाऱ्या स्कँडिनेव्हियन टीमनी या चुका टाळा

कॅन्सस सिटीतली ‘अमेरिकन रॉयल’ बार्बेक्यू स्पर्धा 1980 पासून होते आणि टेनेसीतल्या लिंचबर्गची जॅक डॅनियल्सची निमंत्रितांची स्पर्धा 1989 पासून. इथे युरोपातून येणाऱ्या टीममध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनचे स्वयंपाकीही असतात. मासे आणि मांस धुरावण्याची त्यांची परंपरा फार जुनी, त्यामुळे आगीवर त्यांचा हात बसलेला असतो. तरी गुण जातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ते जेवणाऱ्यासाठी शिजवतात, आणि इथे शिजवायचं असतं एका घासासाठी.

चवीतला संयम

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत एका टेबलावर सहा परीक्षक बसतात. ते दिसणं, चव आणि मऊपणा यांना 2 ते 9 गुण देतात, आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्याचे गुण वगळले जातात. पण तिन्हींचं वजन सारखं नाही. चवीचा गुणक 2.2972, मऊपणाचा 1.1428 आणि दिसण्याचा 0.56. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण एकट्या चवीचे. परीक्षकासमोर टीमनी भरून दिलेल्या मांसाचे डबे एकामागून एक येतात आणि प्रत्येकातून तो एखाद-दोन घासच खातो. घरच्या जेवणात सुखावणारं हलकं मीठ आणि माफक गोडी त्या गर्दीत जाणवतच नाही. मीठ, गोडी, आंबटपणा आणि शेवटी किंचित तिखट हे सगळं पहिल्याच घासात पोचायला हवं. सरावात आख्खी प्लेट खाऊन ठरवू नका. एक तुकडा चाखा, पाणी प्या, आणि काय लक्षात राहिलं ते लिहून काढा.

धुराचं मात्र उलट आहे. आल्डर, बीच, ज्यूनिपर ही उत्तरेकडची सवयीची लाकडं. त्यांतलं ज्यूनिपर राळेच्या वासाने मांसावर बसतं आणि अमेरिकी परीक्षकाच्या जिभेला औषधी लागतं. हिकरी, ओक, चेरी, सफरचंद यांच्यावर सराव करा. धूर दाट पांढरा येत असेल तर आगीला हवा कमी पडतेय. तो पातळ, निळसर होईपर्यंत मांस आत ठेवू नका, नाहीतर कडवटपणा राहतो.

मांस ओळखीचं नसणं

स्वीडनमध्ये ‘कारे’ म्हणून मिळणारा डुकराच्या मानेचा बिनहाडी तुकडा आणि अमेरिकेतला खांद्याच्या हाडासकटचा ‘बट’ हे शेजारी असले तरी वेगळे आहेत. ब्रिस्केटचं तर फारच निराळं. अमेरिकेत हा छातीचा तुकडा दोन्ही स्नायूंसकट अखंड शिजवतात. युरोपी कसायाकडे तो बहुधा लहान कापलेला आणि कमी चरबीचा मिळतो. त्यावर बसवलेलं वेळापत्रक अमेरिकी ‘प्राइम’ म्हणजे भरपूर चरबीच्या वरच्या दर्जाच्या मांसाला लागू पडत नाही. घरून मांस नेण्याचा विचार सोडा, सीमेवर अडतं. शिवाय स्पर्धेत तपासणी होईपर्यंत मांसाला मसाला लावता येत नाही की आत चवीच्या पाण्याचं इंजेक्शनही देता येत नाही. कोरडे मसाले बरोबर घ्या, मांस तिथेच घ्या, आणि घरी सरावासाठी कसायाला अखंड तुकडा आधी सांगून ठेवा.

ब्रिस्केट 70 अंशांवर अडलं तर

आतलं तापमान 65 ते 75 सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास हलत नाही. थर्मामीटर बिघडलेला नसतो. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जाताना मांस थंड करत असतं. घाबरून आग भडकवली की बाहेरची बाजू करपते. फॉइलमध्ये किंवा कसाई मांस बांधून देतात त्या जाड कागदात घट्ट गुंडाळा, बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुढे सरकतो. सुमारे 95 अंशांवर पाहायला लागा. पण निर्णय आकड्यावर नको: थर्मामीटरची सळई कुठेही न अडखळता आत गेली पाहिजे. कापलेली चकती दोन्ही टोकांनी ओढल्यावर जराशा ताणाने तुटावी. आपोआप तुटली तर जास्त शिजली, रबरासारखी ताणली तर कच्ची.

रिब्जमध्ये, म्हणजे बरगड्यांमध्ये, हाडावरून गळून पडणारं मांस म्हणजे जास्त शिजलेलं. चावल्यावर दातांची स्वच्छ खूण राहावी आणि बाकीचं मांस हाडाला धरून असावं.

डबा आणि घड्याळ

डब्यात किमान सहा वेगळे भाग लागतात. बरगड्या पूर्ण कापल्या गेल्या नाहीत तर एक परीक्षक दोन उचलतो, शेवटच्याला काही उरत नाही आणि गुण कोसळतात. प्रत्येक कापावरून सुरी पुन्हा फिरवा. फॉइलचा कपटा किंवा ओळख पटेल अशी खूण डब्यात राहिली तर पदार्थ बाद.

चिकन, रिब्ज, पोर्क, ब्रिस्केट हे सहसा 12, 12:30, 1 आणि 1:30 ला द्यायचे असतात, आणि मुभा आधी-नंतर पाच-पाच मिनिटांची. कोपनहेगन आणि कॅन्ससमध्ये सात तासांचा फरक आहे. कॅन्ससमधली मध्यरात्र म्हणजे शरीराच्या घड्याळात सकाळचे सात. रात्रीच्या आगीची पाळी दोघांत वाटा. आगीला हवा देणाऱ्या पंख्याचा तापमान-नियंत्रक नेत असाल तर त्याचा अडॅप्टर 120 व्होल्टवर चालतो का ते निघण्याआधी पाहा. स्मोकर, म्हणजे धुरावण्याची भट्टी, उसनी असेल तर त्यात आदल्या दिवशी रिकामी आग पेटवून, कुठला कोपरा जास्त तापतो ते थर्मामीटरने तपासून घ्या.