घाटातला कडा वाचायला मुलांना कसं शिकवावं

खडकाचा विषय निघाला की मुलं आधी वय विचारतात. तो आकडा बाजूला ठेवा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे प्रयोगशाळेतल्या मोजणीतून कळलं. वर्गात एवढंच विचारायचं: आधी काय झालं, नंतर काय? हीच सापेक्ष कालगणना.

१. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यालगतच्या कापलेल्या कड्याचा मोठा फोटो लावा. काही न सांगता मुलांना दिसेल तसं वहीत काढू द्या. जाड काळे पट्टे म्हणजे लाव्हाचे प्रवाह. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. थरांचा हा नियम डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडला.

२. काही ठिकाणी दोन काळ्या पट्ट्यांमध्ये तांबडी रेघ दिसते. इथे घाई करू नका. लाव्हा यायचा थांबला, खालच्या खडकाचा माथा ऊनपावसात कुजून त्याची माती झाली, आणि मग पुढचा प्रवाह तिच्यावर पसरला. रेघ कुठे कुठे जेमतेम वीतभर असते, पण तिच्यात मधला सगळा विसावा आहे. मला कड्यातली हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

३. आडव्या थरांना उभी चिरत गेलेली खडकाची भिंत दाखवा. हिला भित्ती म्हणतात. जे कापतं ते नंतरचं. भित्ती तळापर्यंत गेली म्हणून मुलं तिला सर्वांत जुनी ठरवतात. तेव्हा एकच विचारा: थर नसतेच, तर तिनं चिरलं काय?

४. आता हातात दगड द्या, भोकाभोकांचा, पांढरे खडे भरलेला. भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. खडे पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांचे. मुठीएवढ्या दगडातही आधी आणि नंतर सापडतं.

५. गावातल्या विहिरीचं उदाहरण जपून घ्या. खाली कातळ, वर मुरूम, त्यावर माती, हे पाहून मुलं तीन थर मोजतात. पण मुरूम बहुधा वेगळा येऊन पडलेला नसतो, तो त्याच कातळाचा कुजलेला भाग असतो. इथे मोठी माणसंही चुकतात, म्हणून यावर पूर्ण तास द्या.

६. शेवटी कड्याचं चित्र द्या, भागांना क, ख, ग, घ अशी अक्षरं. क्रम लावून घ्याच, पण गुण द्यायचे ते प्रत्येक जोडीपुढे लिहिलेल्या कारणाला. प्रत्यक्ष घाटात न्यायचं तर पावसाळा टाळा, आणि सुट्या दरडीखाली कुणालाही उभं करू नका.