साध्या हवेवर चालणारा नायट्रोजन लेझर घरी कसा बनवावा

वायू-लेझर म्हटला की काचेची नळी, व्हॅक्यूम पंप आणि आरसे डोळ्यांसमोर येतात. साध्या हवेवर चालणाऱ्या नायट्रोजन लेझरला यातलं काहीच लागत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, तेवढा त्याला पुरतो. त्यातून ३३७.१ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात.

आधी धोका समजून घ्या. इथे दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. बटण बंद केल्यावरही फॉइलच्या पत्र्यांवर (एक प्लास्टिकखाली, दोन वर) विद्युतभार राहतो, आणि एकदा उतरवला तरी मधल्या प्लास्टिकमधून थोडा परत येतो. म्हणून हात लावण्याआधी लांब इन्सुलेटेड दांड्याला बांधलेल्या, रेझिस्टर जोडलेल्या तारेने दोन्ही वरचे पत्रे खालच्या पत्र्याला जोडा, आणि काम संपेपर्यंत तार तशीच राहू द्या. अतिनील किरण अडवणारा चष्मा लावा, ठिणग्यांमुळे ओझोन होतो म्हणून खिडकी उघडी ठेवा, एकट्याने प्रयोग करू नका. उच्च दाबाचं काम आधी केलेलं नसेल, तर जाणकाराला सोबत घ्या. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मुळीच वापरू नका. त्याचा धक्का जीव घेतो.

सपाट फळीवर ॲल्युमिनियम फॉइलचा मोठा तुकडा सुरकुती न पडू देता पसरा. त्यावर पारदर्शक पॉलिएस्टर शीटचे तीन थर ठेवा. त्यांच्या वर शेजारी-शेजारी फॉइलचे दोन तुकडे, साधारण २० बाय १५ सेंटिमीटरचे, कोपरे गोल कापून ठेवा. चारी बाजूंनी चार सेंटिमीटर प्लास्टिक मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर ठिणगी कडेवरून उडी मारते. झाले दोन कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग.

दोन्ही तुकड्यांवर ॲल्युमिनियमचा एकेक अँगल (L आकाराची पट्टी) ठेवा, कडा समोरासमोर. या कडांवरच सगळं अवलंबून आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्या घासा, खाचखळगा राहू देऊ नका. फट एक ते दीड मिलिमीटर, पूर्ण लांबीत सारखी. मग इन्सुलेटेड तारेच्या दहाएक वेढ्यांच्या कॉइलने दोन्ही वरचे पत्रे जोडा. एका वरच्या पत्र्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटरची स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी उडण्यासाठी मोकळी जागा, ठेवा. मिलिॲम्पियरहून कमी करंट देणारा डीसी सप्लाय मोठ्या रेझिस्टरमधून जोडा.

कॉइलमुळे दोन्ही पत्रे हळूहळू सारखेच भरतात, म्हणून फटीत काही घडत नाही. स्पार्क गॅपमध्ये ठिणगी पडली की एका बाजूचा दाब क्षणात कोसळतो. तेवढ्या वेगाला कॉइल साथ देऊ शकत नाही, त्यामुळे सगळा दाब फटीवर येतो. हा वेगच महत्त्वाचा, कारण हवेच्या दाबाखाली नायट्रोजनची उत्तेजित अवस्था एक-दोन नॅनोसेकंदच टिकते. प्रकाश एका फेरीतच पुरेसा वाढतो, म्हणून आरसे लागत नाहीत.

फटीत एकाच जागी पांढऱ्या ठिणग्या दिसल्या तर तिथे फट अरुंद आहे. सप्लाय बंद करा, भार उतरवा, मग त्या बाजूचा अँगल केसभर मागे सरकवा. या कामात संध्याकाळ जाते, घाई करू नका. हवी असते पूर्ण लांबीभर पसरलेली मंद जांभळी झळाळी.

किरण डोळ्यांना दिसत नाहीत. अँगलच्या टोकासमोर, फटीच्या रेषेत, पांढरा कागद उभा धरण्यापेक्षा स्टँडवर ठेवा. कागदातल्या चकाकी देणाऱ्या रसायनामुळे प्रत्येक ठिणगीबरोबर त्यावर निळा ठिपका उमटेल. कागदावर हायलायटरची पिवळी रेघ ओढली तर तो हिरवट चमकेल. फटीत थेट डोकावून मात्र कधीही पाहू नका.