सही करण्याआधी: कॉलेजात खेळणाऱ्या मुलांनो, एनआयएल करारातल्या या चुका टाळा

“मावशी, सही करून टाकली आहे. आता एकदा नजर टाकतेस का?”

न्यू जर्सीत करार तपासून देण्याचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. नजर सहीच्या आधी टाकायची असते. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि ओळख यांवर पैसे कमवायला मोकळीक दिली. त्यालाच सगळे एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. आपली मराठी मुलंही टेनिस, पोहणं, गोल्फ खेळतात आणि त्यांनाही असे करार येतात. घरात पहिल्यांदाच कोणी खेळातून कमावतंय, या आनंदात कागद वाचायचा राहून जातो.

‘कायमस्वरूपी’ हा शब्द सोडून देणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीवर जळतो.

एडिसनमधल्या एका मराठी घरातली मुलगी, दुसऱ्या वर्षाला, उत्तम पोहणारी. प्रोटीन पावडर विकणाऱ्या एका कंपनीने तिला ८०० डॉलर आणि चार डबे देऊ केले. सात पानी करार फोनवर आला. तिने अंगठ्याने पानं सरकवली आणि बोटाने सही केली. पाचव्या पानावर लिहिलं होतं की तिची छायाचित्रं कंपनी जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी वापरू शकते आणि हा हक्क दुसऱ्या कोणालाही देऊ शकते.

दोन वर्षांनी खांदा दुखावून तिचं पोहणं सुटलं. कंपनीने तोवर हक्क दुसऱ्याला विकले होते आणि तो वजन कमी करायच्या गोळ्या विकत होता. तिच्या आईला दुकानात बाटलीवर लेकीचा चेहरा दिसला. ती बाटली आईने माझ्या टेबलावर आणून ठेवली तेव्हा तिचे हात थरथरत होते. लेक त्या वेळी फिजिओथेरपीच्या प्रवेशासाठी मुलाखती देत होती. सात महिने पत्रव्यवहार केल्यावर वेबसाइटवरचे फोटो उतरले. छापून झालेल्या बाटल्या मात्र विकून संपेपर्यंत दुकानात राहिल्या, कारण कागद त्यांच्या बाजूने होता.

म्हणून माझी सवय सांगते. करार छापून घ्या, फोनवर वाचू नका. लाल पेनाने ‘कायमस्वरूपी’ला गोल करा आणि शेजारी तारीख लिहा. मी एक वर्ष लिहिते. कोणत्या माध्यमात आणि कोणत्या मालासाठी, तेही लिहा. ‘लेखी परवानगीशिवाय हक्क दुसऱ्याला देता येणार नाही’ हे वाक्य घाला. विचारलं तर बऱ्याच छोट्या कंपन्या मान्य करतात, पण विचारतच कोणी नाही.

मोठ्या रकमेलाही हेच लागू. फ्लोरिडा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळणारा जर्वॉन डेक्स्टर याने २०२२ मध्ये ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलमधल्या, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या, पुढच्या करपूर्व कमाईचे १५ टक्के, तेही २५ वर्षं, द्यायचं लिहून दिलं. २०२३ मध्ये त्याला कोर्टात जावं लागलं. आज हातात येणारी रक्कम मोजताना उद्या जाणारी रक्कमही मोजा.

“पैसे पुण्याच्या खात्यात घेतो, मग व्हिसाचा काय संबंध?”

भारतातून एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्या मुलांना हा सल्ला कोण देतं कोण जाणे. पैसे कुठे जमा होतात याने सुटका होत नाही, काम कुठे केलं ते पाहिलं जातं. अमेरिकेत उभं राहून शूटिंग केलं, दुकानात सह्या दिल्या, वसतिगृहातून जाहिरातीचा रील टाकला, तर ते विनापरवाना काम ठरू शकतं आणि मग स्टेटसच, म्हणजे इथे कायदेशीर राहण्याचा हक्कच, धोक्यात येतो. आई-बापांनी शेत किंवा फ्लॅट गहाण टाकून पाठवलेलं असतं. ५०० डॉलरसाठी हे पणाला लावू नका.

काँगोहून आलेला केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर चीब्वे याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ अमेरिकेबाहेर, बहामाजला गेला तेव्हा आपलं एनआयएलचं काम तिथे उरकलं. तुम्हीही सुट्टीत घरी गेल्यावर काम करता येईल का ते पाहा, पण आधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच. प्रशिक्षकाचा किंवा सिनिअरचा शब्द इथे उपयोगाचा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फुकट बूट म्हणजे फुकट नाही. बाजारभावाने ते उत्पन्न धरलं जातं.

अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचा यातला निव्वळ नफा वर्षाला ४०० डॉलर झाला की स्वयंरोजगार कर लागतो, १५.३ टक्के. प्रत्येक चेकचा तिसरा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकायला लावते.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, असाल तर बाहेरच्या कंपनीचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे करार ‘एनआयएल गो’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावे लागतात. २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या, खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीतून हा नियम आला.

पैसे घेऊन पोस्ट टाकली तर ती जाहिरात आहे हे वर, सहज दिसेल असं लिहा. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका.

विद्यापीठाचा लोगो असलेला टी-शर्ट घालून शूटिंग नको. चेहरा तुमचा आहे, लोगो विद्यापीठाचा.

एनआयएलच्या पैशांचं तोंडी आश्वासन धरून कॉलेज बदलू नका.

आणि रात्री अकराला करार पाठवून ‘सकाळपर्यंत सही हवी’ म्हणणाऱ्याला एकच उत्तर द्या: वाचायला सात दिवस हवेत. या उत्तरावर ज्यांनी करार मागे घेतले, ते सगळे करार मी नंतर वाचले आहेत. त्यातल्या एकावरही मी माझ्या मुलीला सही करू दिली नसती.