वाड्यातली जुनी तोड्याची बंदूक कशी जपावी

जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात माळा आवरताना तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवून उडवायची, बंदूक हाती लागते आणि घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘उडेल का हो ही?’ माझं म्हणणं ठाम आहे: उडती करू नका, टिकवा.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. तेव्हा आधी परवान्याचं विचारून घ्या. शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात.

मग नळी भरलेली नाही ना, ते बघा. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीच्या तोंडासमोर उभं न राहता बारीक लाकडी काठी अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीवर धरा. टोक रंजकाच्या छिद्राच्या (नळीच्या मागच्या टोकाशी, दारू पेटवायचं बारीक भोक) बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी अडकलंय. खुपसू नका, ठोकू नका. आहे तिथेच ठेवा, ११२ ला फोन करा.

रिकामी असेल तर गंजाकडे वळा. आमच्या बंदुकीवर गंजाचे खड्डे चापाच्या पुढे हातभर, एका ओळीत होते. दर खंडेनवमीला ओलं हळदकुंकू तिथेच लागायचं! पूजा जरूर करा, पण कुंकू खालच्या पाटाला लावा आणि झेंडू त्याच संध्याकाळी उतरवून नळी कोरडी पुसा.

गंजावर शिवणयंत्राचं तेल लावून दोन दिवस थांबा, मग बांबूच्या कामटीने हलकेच खरवडा. काचकागद अजिबात नको. आमच्या एका नातेवाइकाने हौसेने तो फिरवला आणि नळीवरची चांदीची वेल पाच मिनिटांत पुसली गेली. आजही ती गुळगुळीत जागा बोटाला लागली की जीव हळहळतो. गंज निघाल्यावर खाली घट्ट तपकिरी थर दिसेल, तो राहू द्या. पितळी कड्यांना चिंच-लिंबू लावू नका. फटीत शिरलेलं आंबट शेजारचं लोखंड खातं. दस्त्याला मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात पुरे.

गोदाकाठच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. चामड्याच्या खोळीतही नको, चामडं दमटपणा धरून ठेवतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दसऱ्याआधी पांढरा कापूस नळीवरून फिरवून बघा. तपकिरी डाग उमटला तर गंज अजून जागा आहे, पुन्हा तेल लावायला घ्या.