हवा किती अडवते? पाच कागदी कपांचा प्रयोग

वर्गात मी विचारते, "जड वस्तू आधी पडते का?" बरीच मुलं हो म्हणतात. त्यांना लगेच चूक ठरवू नका, हे सगळ्यात आधी सांगते. पिसं, पानं, दगड त्यांनी हवेतच पडताना पाहिलेत. निरीक्षण खरं आहे, फक्त त्यामागचं कारण शोधायचं राहिलंय.

सुरुवात वहीने करा. वही आणि एक सपाट कागद छातीच्या उंचीवरून एकदम सोडा. कागद हेलकावे खात उशिरा येतो. आता त्याच कागदाचा घट्ट बोळा करून सोडा. वजन तेच, तरी या वेळी तो वहीच्या जोडीने पडतो. इथे थांबा आणि मुलांना बोलू द्या.

मग केकचे एकसारखे पाच कागदी कप घ्या. भिंतीवर खडूने १ मीटर आणि २ मीटरच्या खुणा करा, पंखा बंद करा. १ मीटरवर एकटा कप, २ मीटरवर एकात एक बसवलेले चार. सगळ्यांचे तळ खाली. नुसते सोडायचे, ढकलायचे नाहीत. एखादा कप कलंडला तर ती फेरी मोजू नका. निदान पाच फेऱ्या करा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा.

दोन्ही जवळजवळ एकाच वेळी टेकतात! वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. रोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. हीच टर्मिनल व्हेलॉसिटी. चार कपांचा आकार हवेच्या दृष्टीने तोच, वजन मात्र चौपट. तेवढा रोध तयार व्हायला वेग दुप्पट लागतो. दुप्पट वेगाने दुप्पट अंतर, म्हणून वेळ सारखा. बारकाईने पाहिलंत तर चौघे किंचित मागे असतात, कारण त्यांना आपला वेग गाठायला जास्त वेळ लागतो. हा फरक मुलांनी स्वतः पकडला की मला फार आनंद होतो.

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदमच टेकले. ते चित्रण मी कपांनंतरच दाखवते आणि विचारते, आपले कप तिथे नेले तर? हवाच नाही, म्हणजे चौघांना वजनाचा काही फायदा नाही. १ मीटरवरचा एकटा कप आधी टेकेल आणि चौघांना त्याच्या सुमारे १.४ पट वेळ लागेल.